येसूआजीची उंची कोणी चोरली?

जंगल संपून माळ सुरू होतो तिथे, एका ओढ्याच्या काठी, एक राखणदार कुत्रा राहत असे. बालमित्रांनो, झोपडी खरं तर येसूआजीची होती आणि शेळ्याही तिच्याच होत्या, पण कुत्र्याला वाटे की हे सगळं आपल्याच जिवावर चाललं आहे. तो पिल्लू असताना आजीने त्याला पदरात गुंडाळून आणलं होतं. तेव्हापासून झोपडीतली काडी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. गेल्या वर्षापासून आजी त्याला भाकरी दुधात भिजवून देऊ लागली होती. ही आपल्या इमानदारीची बक्षिसी, असा अर्थ त्याने लावला होता.

एके दिवशी छपरावर कावळा येऊन बसला. त्याला दुसऱ्याच्या घरातलं आधी दिसे.

"राखणदार, तुझ्या घरात मोठी चोरी झाली आहे आणि तू शेपटी हलवत बसला आहेस," कावळा म्हणाला.

"काय गेलं?" कुत्रा गुरगुरला.

"आजीचे काळे केस. तू आलास तेव्हा ते माझ्या पंखांसारखे होते. आता बघ."

कुत्र्याने दारातून आत पाहिलं. आजीच्या डोक्यावर एकही काळा केस नव्हता. रोज बघत असूनही हे त्याला कधी दिसलं नव्हतं. तो घाबराघुबरा होऊन आत गेला, तर आजी आढ्याला खोचलेला विळा काढत होती. पूर्वी ती नुसता हात वर करी आणि विळा हातात येई. आज ती पालथ्या घातलेल्या पाटीवर उभी होती, टाचा उंचावत होती, तेव्हा कुठे हात पोचला. ज्या दातांनी ती ऊस सोलून खाई, त्यांतले दोनच उरले होते. हादरलेला कुत्रा तिच्या पाठीमागे उभा राहून भुंकला, तर तिने वळूनही पाहिलं नाही.

कुत्र्याने एकेक मोजायला घेतलं. केस गेले, दात गेले, ऐकू येणं गेलं, वर वीतभर उंचीही गेली. आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत, पायांचा आवाजही न होता.

दुसरा कोणी असता तर त्याने इथे जरा विचार केला असता. पण आपला कुत्रा पडला राखणदार. विचारापेक्षा चोर त्याला लवकर सापडतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर करडावर पडली. याच वर्षी जन्मलेलं ते करडू परवापरवापर्यंत पाटीखाली मावत होतं, आणि आता भिंतीला पुढचे पाय लावून छपरावरचं गवत ओढत होतं. आजी ठेंगणी होत होती आणि करडू उंच होत होतं. तिचे दात गेले होते आणि याला दात आले होते. तिला ऐकू येईना आणि याचे कान पान हललं तरी टवकारत. कुत्र्याला सगळा उलगडा झाला.

"आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतंस ते यासाठी होय?" तो करडावर धावून गेला.

"मी काही नाही घेतलं," करडू थरथरत म्हणालं.

"मग एवढं मोठं कसं झालंस?"

ते करडालाही ठाऊक नव्हतं. कुत्र्याने दात विचकले तसं ते जिवाच्या आकांताने पळालं, एका उडीत ओढा ओलांडून जंगलात शिरलं आणि दिसेनासं झालं. कुत्राही मागे धावला. हा ओढा त्याने आजवर कितीदा तरी उडी मारून पार केला होता. त्याने उडी मारली आणि तो धपकन ओढ्याच्या मधोमध पडला.

त्याला हे खरंच वाटेना. पाणी निवळलं तेव्हा त्यात त्याला एक अनोळखी कुत्रा दिसला. त्याचं तोंड पांढरं झालं होतं, डोळे धुरकट होते. आपला कुत्रा गुरगुरला. पाण्यातलाही गुरगुरला, आणि त्याच्या तोंडात सुळे नव्हते. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं आणि गुरगुर घशातच विरली. चोर त्याच्या स्वतःच्या अंगावरही हात मारून गेला होता. आयुष्यभर त्याने झोपडी राखली होती आणि इथे त्याचे स्वतःचे दात गेले होते.

"पाय काढ. माझं दार अडवलंस," दगडाखालून एक खेकडा खेकसला.

"माझे सुळे कोणी नेले? माझी उडी कोणी नेली?" कुत्र्याने विचारलं.

"कोणी नाही. झिजले. माझं कवच आखूड झालं की मी ते टाकतो आणि नवं घेतो. तुला आणि तुझ्या आजीला ती सोय नाही. आहे तेच अंग जन्मभर डागडुजी करून वापरायचं. तसा म्हातारा मीही होतोच. आता पाय काढ."

खेकड्याला फार बोलायला आवडत नाही, म्हणून मीच थोडं सांगतो. आपलं शरीर रोज झिजतं आणि रोज स्वतःला दुरुस्तही करतं. लहानपणी दुरुस्ती झिजेच्या पुढे धावते, म्हणून तुम्ही वाढता आणि खरचटलेला गुडघा लवकर बरा होतो. वय झालं की दुरुस्ती मागे पडते. केसांच्या मुळाशी रंग तयार होईनासा होतो. पाठीच्या मणक्यांमधल्या मऊ गाद्या सुकून पातळ होतात, हाडं विरळ होतात, पाठ वाकते, आणि उंच माणूस ठेंगणा दिसू लागतो. दात तर एकदा झिजले की पुन्हा भरून येतच नाहीत.

"मग करडाने काहीच घेतलं नाही?" कुत्र्याने विचारलं.

"त्याचं त्याला नवं आलं. आजीचं तिचं झिजलं."

इतक्यात जंगलातून करडाचं केविलवाणं ओरडणं ऐकू आलं. कुत्रा लगेच निघाला. उडीचा भरवसा उरला नव्हता. तो पाण्यातून, दगडांचा आधार घेत, धडपडत पलीकडे गेला. झुडपापाशी करडू अंग चोरून उभं होतं आणि समोर एक कोल्हा जिभल्या चाटत होता. कुत्रा दोघांच्या मध्ये उभा राहिला. सुळे नाहीत हे कोल्ह्याला कळू नये म्हणून तो तोंड मिटूनच गुरगुरला, पण गुरगुर जुनीच होती, भरदार. कोल्हा घुटमळला. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने काठीचा आवाज आला आणि त्याने काढता पाय घेतला.

"चुकलं माझं," कुत्रा करडाला म्हणाला. करडू तरी त्याच्यापासून चार हात लांबच राहिलं, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

येसूआजी धापा टाकत आली. "कुठं गेला व्हता रं दोघं? माझा जीव पार टांगनीला लावला की," ती म्हणाली. तिने करडाला कुशीत घेतलं आणि पदराने कुत्र्याचं ओलं तोंड पुसलं.

घरी आल्यावर तिने नेहमीसारखी भाकरी कुस्करली, दुधात भिजवली आणि कुत्र्यासमोर ठेवली. कुत्रा ताटलीकडे बघत राहिला. दिवसभरातला सगळ्यात मोठा धक्का त्याला आता बसला. त्याचे दात गेल्याचं आजीला वर्षापूर्वीच कळलं होतं. तिने ना कोणावर आळ घेतला होता, ना कोणाला हाकलून दिलं होतं. तिने फक्त भाकरी मऊ केली होती. ती बक्षिसी नव्हती, हे कळून त्याला फार लाज वाटली आणि मग फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आजीच्या पाठीमागून कधी भुंकला नाही. काही सांगायचं असलं की तो तिच्या समोर जाऊन उभा राही आणि मगच भुंके.

तात्पर्य : वयाबरोबर जे जातं ते कोणी चोरत नाही, म्हणून चोर शोधत फिरण्यापेक्षा, ज्याचं गेलं त्याची भाकरी भिजवून द्यावी.