मातुरीनबाईचे घामट कोट

फार लांबच्या, बर्फाच्या देशातली ही गोष्ट आहे, बाळांनो, तरी हिच्यात सगळ्यांना घामच घाम फुटतो.

फ्रान्सहून समुद्र ओलांडून आलेली माणसं तिथे एका रुंद, निळ्याशार नदीकाठी राहायची. त्यांतलीच एक मातुरीनबाई. नवरा होडी घेऊन जंगलात गेलेला, घरात पाच चिमुरडी पोरं, आणि पिठाच्या पिंपाचा तळ दिसायला लागलेला. थोरली पेरीन, तीही अवघी सात वर्षांची.

बीव्हर म्हणून एक चपट्या शेपटीचं, गुबगुबीत जनावर असतं. त्याच्या कातड्याचे कोट बाईनं पोरांना घातले होते, केस आतल्या बाजूला. जेवताना कोट, झोपताना कोट, भर उन्हाळ्यातही कोट. वरून अस्वलाची चरबी चोळायची ती वेगळीच. पोरं भज्यांसारखी तळून निघायची.

"आई, काढू का गं?"

"आज दुपारी व्यापारी येतोय. तोवर घाम गाळ, शहाणी माझी."

व्यापाऱ्यानं हे कोट विकत घेतले तर पीठ मिळणार, मीठ मिळणार, हिवाळा निघणार. एवढं पेरीनला ठाऊक होतं. पण कोट का घालायचे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं, आपण गरीब, आपल्याला दुसरे कपडेच नाहीत.

त्या सकाळी ती निळ्या बोरांच्या झुडपांत गेली. तिथे देवदाराच्या चिकात एक परी अडकलेली, बोटाएवढी, गुलाबी-जांभळ्या लुकलुकत्या पंखांची.

"ओढू नकोस गं, फाटतील," परी हळूच म्हणाली.

पेरीननं आपली तेलकट बाही पंखांवरून अलगद फिरवली, फिरवतच राहिली. चीक सुटला, परीही सुटली.

"दोन इच्छा देते तुला," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही. आणि मागितलेलं परत घ्यायचं नाही."

"आईचे सगळे कोट नवेकोरे होऊ देत. व्यापाऱ्यानं नाक मुरडायला नको."

चमचम चांदणं उडालं. कोट लखलखले, लांब केसांचे झाले, गुलाबासारखे घमघमले. पेरीन नाचत घरी आली. मातुरीनबाईनं वास घेतला आणि ती मटकन बादलीवर बसली.

"अगं सोन्या, कोरं कातडं काय, जंगलात हवं तेवढं मिळतं. दोन वर्षं अंगावर घासलं, घामात मुरलं, की राठ केस झडतात आणि खालची मऊ लव उरते. तिच्याच टोप्या होतात. दोन वर्षांचा घाम घालवलास तू."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वेळ कुठं होता? तुम्हाला चरबी लावत होते ना."

पेरीन रडत झुडपांकडे पळाली.

"परत तर घेता येत नाही," परी म्हणाली. "व्यापाऱ्याची नजर बांधू? त्याला कोट जुनेच दिसतील."

"नको. तो बिचारा पुढे विकायला जाईल आणि बोलणी खाईल." पेरीननं दोन नखं खाल्ली आणि म्हणाली, "जो आमचा कोट घालील, त्याला दोन वर्षांचा घाम एका दुपारी फुटू दे."

"तुलाही फुटेल हं."

"मी सगळ्यांच्या आधी घालीन."

मग काय विचारता. पाच पोरं नि आई घरात ओळीनं बसली आणि पाझरू लागली. जमिनीवर राठ केसांचा ढीग पडला. एवढ्यात व्यापारी आला. खुंटीवर बापाचा कोट होता.

"हा तर कोरा दिसतो, मातुरीनबाई," म्हणत त्यानं अंगात घालून पाहिला. घामाच्या अशा धारा लागल्या की डोक्यावरचा पांढरा केसांचा टोप घसरून नाकावर आला. सावकाश त्यानं कोट काढला आणि आतून हात फिरवला.

"इतका मुरलेला कोट मी जन्मात पाहिला नाही."

"कसा पाहाल? तुम्हीच तर आत्ता मुरवलात," बाई म्हणाली.

व्यापारी आधी ओशाळला, मग पोट धरून हसला. कोट घेतले, पिंप भरून पीठ दिलं, मीठ दिलं, आणि जाड लाल कांबळीही दिली.

खिडकीतून बघणाऱ्या परीलाही राहवलं नाही. "बघू तरी," म्हणत ती व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यातल्या एका बाहीत शिरली. तिला फुटला सोनेरी घाम. थेंब थेंब उजेड सांडला, भिंती पिवळ्या झाल्या. "पेरीन, यापुढे आधी आईला विचारत जा," एवढं म्हणून ती त्या उजेडातच विरघळली.

उजेड ओसरला तेव्हा खुंटीवर एक झुळझुळीत, बोरांच्या रंगाचा झगा होता, बरोब्बर पेरीनच्या मापाचा.

मातुरीनबाईनं कोऱ्या कातड्यांचा नवा गठ्ठा सोडला. पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा बांधून ठेवला.

"उद्यापासून," ती म्हणाली. "आज कुणी काही घालू नका."

चार नागडी पोरं नदीकडे सुटली, आणि त्यांच्यामागे झगा सावरत पेरीन.