पहिल्या विड्याचा तंटा

पहिला विडा कोणाला द्यायचा, एवढ्यावरून खिंडनगरावर लढाई येऊन ठेपली होती! एका अंगाला अमरगडची फौज, दुसऱ्या अंगाला भीमदुर्गची, आणि मधल्या खिंडीत हे एवढेसे राज्य. दोन्हीकडचे वकील उद्या एकाच वेळी दरबारात येणार होते. ज्याला पहिला विडा मिळेल तो राजाचा सख्खा मित्र ठरणार, आणि दुसऱ्याची फौज लगेच खिंडीत घुसणार.

रायाजीराजांनी राजवक्ते धुंडिराजपंतांना बोलावले. परमुलखाशी राज्याच्या वतीने पंतच बोलत, आणि असे बोलत की बोलून झाल्यावरही काहीच बोलले गेलेले नसे. घरी वरणात मीठ नसले तर ते 'गंभीर चिंता' व्यक्त करीत आणि अळणीच जेवून उठत.

"बोला पंत, पहिला विडा कोणाला?"

"महाराज, आपले धोरण स्वच्छ आहे. आपण दोघांच्याही बाजूचे आहोत आणि कोणाच्याच बाजूचे नाही. परिस्थितीवर आमचे बारीक लक्ष आहे."

"लक्ष नको, नाव सांगा!"

"नावाबद्दल आज बोलणे घाईचे ठरेल."

राजे हट्टाला पेटले. "ते काही नाही! मान दोघांचाही राहिला पाहिजे. आणि दोन हातांनी दोन विडे मी देणार नाही, डाव्या हाताचा विडा म्हणजे अपमान! जमवा, नाहीतर पागोटे उतरवून घरी बसा."

पंतांनी पागोटे दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. तेवढ्यात राजवाड्याला विडे पुरवणारी ठकू तांबोळीण तबक घेऊन आत आली, आणि पंतांना वाट सापडली. "महाराज, विडे करते ही. तेव्हा विड्यातून उद्भवणाऱ्या परिस्थितीची जबाबदारीही हिचीच!"

"अगं बया! तंटा तुमचा, आनि निस्तरायचा मी?" ठकू म्हणाली.

पण नाही म्हणून तिला चालणार नव्हते. तिचा पानमळा नेमका त्या खिंडीत होता. एकेक वेल तिने लेकरासारखी वाढवलेली. घोडी शिरली की सगळ्याचा चिखल! आणि पंतांच्या भरवशावर मळा सोडणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे.

"जमवते, महाराज," ती म्हणाली. "पन मधी कुनी बोलायचं न्हाई. पंतांनी तर बिलकूल न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ठकू तबक घेऊन उभी राहिली मात्र, दोन्ही वकिलांचे हात एकदम पुढे आले.

"थांबा, वकीलसाहेब!" ठकू म्हणाली. "आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत आधी पाव्हण्याला वाढत्यात. घरचा मानूस मागनं बसतो. महाराज तोच रिवाज पाळनार हाईत. तवा सांगा, तुमच्यातलं पाव्हणं कोन?"

अमरगडच्या वकिलाचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. "पाहुणे हे भीमदुर्गवाले! आम्ही घरचे!"

"वा रे वा!" भीमदुर्गचा वकील उसळला. "आम्ही तर पहिल्यापासून घरचे! आधी यांना द्या!"

"छे छे, आधी यांना!"

"भर दरबारात सांगतो, आम्ही घरचे म्हणजे घरचेच!"

पंतांना राहवले नाही. "ठकू, अगं, आता शेवटच्या विड्यावरून भांडण!" ते कुजबुजले.

ठकूने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिने तबक दोन्ही वकिलांच्या मधोमध ठेवले. "दोघंबी घरचंच म्हनता न्हवं? मग घरच्या मानसाला विडा हातात द्यावा लागत न्हाई. तबक मधी हाय, ज्यानं त्यानं उचलावा. आनि एक सांगा, घरचं मानूस घरी येताना कधी फौज घेऊन येतं का?"

वकिलांनी एकमेकांकडे पाहिले. घरचे असल्याची ग्वाही चारचौघांत त्यांनीच दिली होती, ती आता गिळणार कशी? दोघांनी मुकाट्याने विडा उचलला आणि आपापल्या फौजांना माघारीचा निरोप धाडला.

वकील गेले तसे पंत खाकरून पुढे झाले. "महाराज, हे सारे आमच्या दूरदर्शी धोरणाप्रमाणेच..."

"पंत, तुम्ही तेवढे तबक उचला!" राजे म्हणाले. "ठकू, आजपासून राजवक्ती तू!"

"नको, महाराज. न बोलता बोलायला मला जमायचं न्हाई. गिऱ्हाईक विचारतं, पान कवळं का जून? तिथं 'घाईचं ठरेल' म्हटलं तर दुकान बंद पडंल!"

"मग काय हवे ते माग."

"माझ्या पानमळ्यातनं कुनाची फौज जाऊ नये, असा हुकूम काढा."

"काढला! अमरगडची नाही, भीमदुर्गची नाही."

"आनि तुमची, महाराज?"

राजांनी नुकताच एक विडा तोंडात घातला होता. ते असे खदखदून हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी हुकुमात आपल्याही फौजेचे नाव घातले, आणि सारा माफ करून मळा ठकूला इनाम दिला.