खुजा मिनार

खाडीकाठची मशीद पाहून झाली की पाहुणे या टेकाडावर येतात आणि बहुतेक सगळे एकच विचारतात, हे बांधकाम अर्धवट का सोडले? हा आमचा खुजा मिनार. जांभ्या दगडाचा, गोल, उंच माणसाने हात वर केला तर माथ्याला लागेल एवढाच. पाया मात्र बघा केवढा रुंद आहे. दर ईदच्या आधी आम्ही बायका याला चुना लावतो, फटीत पिंपळ उगवला असेल तर मुळासकट काढतो. पण वर एकही चिरा चढवत नाही.

मघाशी खाली धक्क्यावर दोन माणसे एकमेकांच्या मानेला हात लावून उभी होती, ती पाहून तुम्ही घाबरलात. ती गळा दाबत नव्हती. आमच्या गावात भांडण असेच होते. या मिनाराची आणि त्या भांडणाची गोष्ट एकच आहे. माझ्या सासूबाई सांगायच्या तशीच सांगते.

फार पूर्वी खाडीच्या तोंडावर कोट होता आणि तिथे सरवरखान नावाचा किल्लेदार होता. शूर होता, तितकाच क्रूर होता. एकदा त्याने पलीकडच्या तीरावरची गढी घेतली. गढीतल्या लोकांनी हत्यारे टाकली आणि बायकामुलांना घेऊन ते घोड्यांच्या पागेत जाऊन बसले. कुणाला हात लावणार नाही, असा खानाने शब्द दिला होता म्हणे. पण आतून कुणीतरी एक बाण सोडला आणि तो खानाच्या आवडत्या घोडीला लागला. खानाने पागेची दारे बाहेरून लावून घेतली आणि छपराच्या गवताला आग दिली. जे भिंतीवरून बाहेर उड्या मारत होते, त्यांना त्याच्या शिपायांनी भाल्यांवर झेलले. दिवस कलेपर्यंत आतला आवाज थांबला.

खानाच्या कानातला मात्र थांबला नाही. तो नमाजाला उभा राहिला की पागेतला आक्रोश सुरू व्हायचा. दुवेसाठी हात उचलले की एवढा कल्लोळ, की स्वतःचे शब्द ऐकू येऊ नयेत. जे मलाच ऐकू येत नाही ते अल्लाला कसे ऐकू जाईल, असे त्याला वाटू लागले. शेवटी त्याने ठरवले, या आवाजाच्या वर जायचे. असा उंच मिनार बांधायचा की माथ्यावरून मागितलेली दुवा थेट वर पोहोचली पाहिजे.

गावात इद्रूस नावाचा गवंडी होता. त्याला बोलावले. तो म्हणाला, "खानसाहेब, चिरा खाणीतून निघतो तेव्हा नरम असतो. एक उन्हाळा त्याला उन्हात पडू द्या, मग तो लोखंड होतो. जुने वाळलेले चिरे आहेत, ते पायाला पुरतील. पण त्यावर ओला चिरा रचला, तर वरचं ओझं त्याला झेपायचं नाही."

"एक उन्हाळा मी कसा काढू, ते सांग," खान म्हणाला.

इद्रूसने मान खाली घातली, पण हो म्हटले नाही. तेव्हा खानाने त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तोडायला लावला आणि उजव्या हातात थापी दिली.

मग गाव कामाला जुंपले गेले. खाणीवर चाबूक, परांचीवर चाबूक. जो बसला त्याच्या पाठीची सालपटे निघत. भोवळ येऊन एक जण वरून पडला, त्याची कवटी चुना मळायच्या घाणीवर फुटली, आणि मुकादमाने तो लाल चुना तसाच वर पाठवला असे सांगतात. मिनार वाढत गेला. ताडाच्या वर गेला. आणि एका दुपारी मधला एक थर भुगा होऊन फुटला. वरचा सगळा भाग माणसांसकट खाली आला.

इद्रूसची बायको हवाबी चुन्याच्या पाट्या वाहत होती. तिने नखांनी दगड उपसले. हाती लागला तो अंगठा नसलेला हात. त्यावरून तिने नवरा ओळखला.

खान घोड्यावरून आला. त्याने ढिगाऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पुन्हा रचा. आजच."

हवाबीचा भाऊ दाऊद, होडीवरचा माणूस, पहारीसारख्या दंडांचा. त्याने खरोखरची पहार उचलली आणि मुकादमाच्या डोक्यात घातली. मुकादम जागीच गेला. शिपाई दाऊदवर तुटून पडले, त्याचे दात पाडले, बरगड्या मोडल्या आणि त्याला मिनाराच्या बुंध्याला बांधले. खानाने स्वतः तलवार उपसली.

दाऊद रक्त थुंकून हसला. म्हणाला, "मार की. पण खान, जरा दगडावर चढून मार. खालून मारलंस तर वर कळायचं नाही."

तलवार उचलली गेली तशी हवाबी मध्ये आली. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे आणि रक्ताने तांबडे होते. तिने आपली मान भावाच्या मानेवर ठेवली.

"बाजूला हो, बाई."

"नवरा तिथं दगडाखाली आहे. भाऊ इथं आहे. मी कुठं बाजूला होऊ?"

खानाने तिला हटवायला डाव्या हाताने तिचा गळा धरला. त्याचा अंगठा नेमका तिच्या मानेच्या नसेवर पडला. हवाबीने हात झटकला नाही. उलट आपल्या दोन्ही हातांनी तो तिथेच दाबून धरला.

"लागली का नस?" ती म्हणाली. "उडतेय ना? एवढ्या माना कापल्यात, कधी क्षणभर हात ठेवून बघितलंत का? माझ्या आजीनं शिकवलंय, अल्ला माणसाला या नसेहूनही जवळ आहे. मग हा मिनार कुणासाठी, खानसाहेब? तो लांब राहतो, की बहिरा आहे?"

खानाचा हात तिथून निघेना. तो खालच्या आवाजात म्हणाला, "माझी दुवा पोहोचत नाही. त्या आवाजात बुडते."

"कुणाच्या आवाजात?"

आणि मग त्याने सांगितले. पागा, गवत, दारे, भाले. शिपायांना ठाऊकच होते, पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडले.

हवाबीने त्याचा हात आणखी घट्ट दाबला. मग म्हणाली, "ती माणसं जळत होती, तेव्हा तो त्यांच्याही एवढाच जवळ होता. तुमचं त्याला ऐकू येत नाही, असं नाही हो. त्याला त्यांचंही ऐकू आलंय."

असे सांगतात, की तलवार तेव्हा खानाच्या हातातून गळाली. त्याने स्वतःच्या मानेला हात लावला. इतकी वर्षे अल्ला दूर आहे म्हणून तो तळमळत होता. आता तो जवळ आहे हे कळले, तर लपायला कुठे जागाच उरली नाही.

त्याने आपल्या हाताने दाऊदचे दोर सोडले. दाऊद सुटला तसा त्याने पडलेली तलवार उचलली आणि खानाच्या पगडीला हिसडा देऊन त्याला गुडघ्यांवर आणला. शिपाई धावले. खानाने हात वर करून त्यांना थांबवले आणि मान पुढे केली.

"दाऊद," हवाबी ओरडली, "आधी नस बघ!"

"काय बघायचंय त्यात!"

"बोट ठेव. ठेव आणि मग काय करायचं ते कर. मी अडवणार नाही."

दाऊदने शिवी हासडली, पण बोट ठेवले. जाळ्यातून काढलेला बोय मासा मुठीत जसा तडफडतो, तशी ती नस त्याच्या बोटाखाली उडत होती. जन्मभर त्याने मासळी हाताळली होती. ही तडफड त्याला ओळखीची होती. आणि जो आपल्या नसेहून आपल्याला जवळ, तोच या हरामखोराच्याही जवळ आहे, हे त्याला सहन होईना. तो मोठ्याने रडला. मग त्याने तलवार टेकाडावरून खाडीत भिरकावली.

खान हवाबीच्या पायांशी वाकला. "मला माफ कर."

"मी नाही करणार," ती म्हणाली. "मला जमायचं नाही. माफ करणारा वेगळा आहे. तो तुमच्याजवळच आहे, त्यालाच मागा. आणि हळू मागा, त्याला ओरडलेलं लागत नाही."

त्यानंतर खान कोटात परतला नाही. पडलेले चिरे उचलायचे, मेलेल्यांच्या बायकांच्या अंगणात डोक्यावरून वाहून न्यायचे आणि त्यांची घरे बांधायची, एवढेच काम त्याने केले. उरलेला मिनारही वरून तो उतरवत आला. माणसाचा हात पोहोचेल एवढा राहिला तेव्हा हवाबी म्हणाली, "आता राहू दे. हे थर इद्रूसनं वाळल्या चिऱ्यानं रचलेत. आणि माणसाला एवढी उंची पुरते." म्हणून हा एवढाच आहे. खान एका पावसाळ्यात डोक्यावर चिरा असतानाच कोसळला, असे काही जण सांगतात. काही म्हणतात, तो गलबतावर चढून हजला गेला आणि परतला नाही. त्याची कबर कुणी दाखवत नाही.

देव नसेत राहतो असे नव्हे. आमचे मौलवीसाहेब हे पुन्हा पुन्हा सांगतात, त्याला जागा नाही, आकार नाही. पण आपण आपल्याला जितके जवळ आहोत, त्याहून तो जवळ आहे, हे या गावाला असे रक्त सांडून समजले.

आजही आमच्याकडे बांग जमिनीवर उभे राहूनच देतात. आजही जाळ्यावरून, बांधावरून, सुनेवरून भांडण पेटले की कुणीतरी म्हातारी ओरडते, "आधी नस बघा!" मग दोघांना एकमेकांच्या मानेवर बोट ठेवावेच लागते. मघाचे ते दोघे होडीच्या जागेवरून भांडत होते. एक म्हणत होता, "तुझी नस बघ कशी धावतेय, खोटारड्या!" दुसरा म्हणाला, "तुझं तोंड बघून धावतेय." सगळे हसले, पण हात कुणाचा उठला नाही. दाऊदनंतर या टेकाडाखाली माणसाने माणूस मारला नाही, असे आमच्यात सांगतात.

तुम्हाला काही मागायचे असेल तर मागा. वर बघायची गरज नाही. दोन बोटे इथे ठेवा, जबड्याखाली. लागली? आता बोला. हळू बोलले तरी चालते.