ठकूबाईची चक्कर आणि सरकारांचं ताट

ठकूबाईचं डोकं दिवाळीपासून ठणकत होतं, आणि डॉक्टर आजरेकरांना ते ऐकून घ्यायला सवड नव्हती.

भिवखिंड संस्थानच्या मुदपाकखान्यात ठकूबाईचं काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर जिवावरचं. सरकारांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ त्यांच्यादेखत आधी तिनं चाखायचा. मग घटकाभर सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे टक लावून बसायचं. बाई धडधाकट उभी राहिली, की सरकारांनी जेवायला सुरुवात करायची. सरकारांच्या आजोबांना कुणीतरी विष घातलं होतं म्हणे, तेव्हापासूनची ही रीत.

डॉक्टर आजरेकर विलायतेहून शिकून आलेले. येताना त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र आणलं होतं. ते मखमली पेटीत राहायचं आणि फक्त सरकारांसाठी बाहेर निघायचं. सरकारांची तब्येत घोड्यासारखी, तरी दाब रोज मोजला जाई. पारा जागच्या जागी राहिला म्हणून शाबासकी मात्र डॉक्टरांना मिळे!

ठकूबाई पहिल्यांदा गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, वय झालं. तिसऱ्यांदा तर तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आतच म्हणाले, बायकांना काळजी करायची खोडच असते. ठकूबाईच्या थोरल्या बहिणीलाही असंच व्हायचं. मान दुखायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिलाही पित्तच सांगितलं होतं. एका सकाळी भाकरी थापता थापता तिचं अर्धं अंग गेलं, ती आजतागायत खाटेवर आहे. ठकूबाई मनातून हादरली होती. तिनं पुन्हा एकदा दवाखाना गाठला आणि हात जोडले.

“डॉक्टरसाहेब, मला बहिणीसारखं पडून राहायचं नाही. एकदा ते यंत्र लावून बघा.”

डॉक्टर हसले. दवाखान्यातली माणसंही हसली, साहेब हसल्यावर हसावंच लागतं. “ठकूबाई, तू ठणठणीत आहेस. चक्कर येते म्हणतेस, मला तर कुठं दिसत नाही. डोळ्यांना दाखव, मग लावतो यंत्र.”

दाखव म्हणे! चक्कर काय कुणाला दाखवता येते? ठकूबाई घरी गेली. पण रात्रभर विचार केल्यावर तिच्या ध्यानात आलं, की चक्कर दिसत नाही कारण ती स्वतःच लपवते. रोज ताट चाखून झालं की ती खांब धरायची आणि तोंड हसरं ठेवायची, सरकारांच्या जेवणाचा खोळंबा नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिनं खांब धरला नाही.

आमटीची वाटी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि ती मटकन खाली बसली. “सरकार, डोकं गरगरतंय,” एवढंच म्हणाली.

झालं! वाड्याचे दरवाजे बंद झाले. आचारी रडत सरकारांच्या पायांवर पडला. शिपाई डॉक्टरांना अर्ध्या जेवणावरून उठवून घेऊन आले. डॉक्टरांनी आमटी हुंगली, भात चिवडला आणि अन्नात काही नाही असं छातीठोक सांगितलं.

“मग बाई आजारी आहे?” सरकारांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! कालच चारचौघांत ठणठणीत म्हटलेलं. “छे, सरकार. बाईला काही झालेलं नाही.”

“सरकार,” ठकूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “एक तर मी आजारी, नाही तर अन्नात काहीतरी. मी आजारी नाही, हे एवढे शिकलेले साहेब सांगतात. त्यांना खोटं कसं म्हणू?”

सरकारांनी ताट डॉक्टरांपुढे सरकवलं. “बाई ठणठणीत, अन्न चांगलं. जेवा, आजरेकर.”

डॉक्टरांनी घास उचलला. एकदा घासाकडे पाहिलं, एकदा ठकूबाईच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. घास हळूच ताटात परत गेला. “मला वाटतं, आधी बाईंचा दाब बघून घ्यावा,” ते म्हणाले. अरेतुरेतली ठकूबाई एका घासात अहोजाहोत आली होती.

मखमली पेटी आली. पट्टा बांधला. पारा सरकारांच्या रोजच्या खुणेवरून जो वर निघाला, तो डॉक्टरांचा चेहरा उतरला तरी थांबेना. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. पारा तिथंच. हे फार दिवसांचं आहे, असं त्यांना पुटपुटत कबूल करावं लागलं. मीठ तोडा, विसावा घ्या, आठवड्याला मोजून जा, असं सगळं ते भराभर सांगू लागले.

सरकारांनी भुवया चढवल्या. “ठकूबाई, एवढं दुखत होतं तर डॉक्टरांना सांगायचंस. आमचं जेवण कशाला अडवलंस?”

“सांगितलं होतं, सरकार. याच शब्दांत. पण तेव्हा पुढ्यात तुमचं ताट नव्हतं.”

सरकार असे हसले की आचाऱ्यालाही रडता रडता हसू फुटलं. ठकूबाईला बरं वाटेपर्यंत भरपगारी रजा मिळाली, बहिणीच्या औषधपाण्याचा खर्च वाड्यानं उचलला, आणि यंत्राची पेटी दवाखान्यात सगळ्यांसाठी उघडी राहील असा हुकूम सुटला.

आचाऱ्यानं भीत भीत विचारलं, “पण सरकार, तोवर चाखायचं कुणी?”

सरकारांनी डोळे पुसले आणि आमटीची वाटी डॉक्टरांच्या हातात दिली.