घर तिथे फेरेट

काळदरी नावाच्या जंगलात एक वाघ राज्य करत असे. गादी पिढीजात होती, पण दर वर्षी तो रीतसर निवडूनही येई, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

एकदा ऐन निवडणुकीच्या तोंडावर सरकारी कोठारात उंदीर झाल्याची बोंब उठली. कोठाराच्या संचालक मंडळावर साऱ्या घुशीच होत्या. त्यांनी शपथेवर सांगितलं की, अंडी आणि सुकी मासळी बाहेरचे उंदीर नेतात. महाराजांनी तडकाफडकी परदेशातून फेरेट मागवले. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, मऊ केसांचा पाळीव प्राणी. उंदरांच्या मागे बिळात घुसण्यात पटाईत. उंदीर कोठारात होते आणि फेरेट घरोघरी वाटले गेले. प्रत्येकाच्या गळ्यात महाराजांच्या चित्राचा पट्टा होता. ‘घर तिथे फेरेट!’ या घोषणेने दऱ्या दुमदुमल्या आणि महाराज भरघोस मतांनी आले.

गुलाल झटकून होईपर्यंत लोकांच्या लक्षात आलं की, हा प्राणी दिवसाचे सोळा-सोळा तास झोपतो, अंगाला वास मारतो आणि दिसेल ती वस्तू पळवून लपवतो. अस्वलरावांचा मधाचा चमचा गेला, त्याच दुपारी त्यांनी आपला फेरेट सगुणाक्काच्या दारात आणून सोडला. “चार दिवस ठेवा, आक्का,” म्हणाले, आणि मागे वळूनही न बघता गेले.

सगुणाक्का ही एकटी राहणारी साळिंदर. तिने त्या पांढऱ्याफटक म्हाताऱ्या फेरेटाचं नाव पिठ्या ठेवलं. पाठोपाठ बाकीचे आले. पिंजऱ्यात वाढलेले हे जीव, त्यांना ना शिकार जमत होती ना थंडी सोसत होती. बघता बघता त्रेचाळीस झाले. आक्काने बिळं वाढवली, पण तिची एक अडचण होती. फेरेटाला कुशीत घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हिच्या अंगभर काटे! मग दगडू ससा आणि दोन खारी बिनपगारी कामाला येऊ लागल्या. आक्का खणायची, सारवायची, भरवायची. कुशीत घ्यायचं काम दगडूचं. एखादा फेरेट दगडूच्या पोटाशी शिरून झोपला की आक्का लांबूनच बघत बसे. तिला आतून भरून येई.

हिवाळ्याच्या तोंडाला खाणं पुरेना. तेव्हा आक्का प्रधान कोल्हेरावांकडे गेली.

“साहेब, कोठारातली रोज टोपलीभर अंडी द्या. बाकी आमचं आम्ही बघू.”

“आक्का, शासन तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे,” कोल्हेराव म्हणाले, आणि चार दिवसांनी शाल-श्रीफळ घेऊन आले. मांडव पडला. भाषण झालं. “सेवेचा हा वटवृक्ष! अशा निःस्वार्थ भगिनींमुळेच शासनाला झोप लागते!” आणि भाषणाच्या भरात त्यांनी साळिंदरीला शाल पांघरली. शालीची चाळण झाली आणि प्रधानांचा पंजा रक्ताळला. पुढच्या सत्कारांना ते शाल लांबून फेकू लागले. असे सात सत्कार झाले. फाटक्या शालींच्या भोकांतून डोकी काढून फेरेट आडव्या उड्या मारत नाचले. सरकारी मदत म्हणून एवढंच काय ते कामाला आलं. फेरेट नारळ खात नाहीत, हे आक्काने तीनदा सांगून पाहिलं.

अंड्यांचा हुकूमही निघाला, नाही असं नाही. पण अंडी ताजी आहेत की नाहीत, हे घुशींना तपासायचं होतं, आणि फोडल्याशिवाय तपासता येत नाही. टोपली रिकामीच पोचली, घुशींनी ती मात्र तपासली नव्हती.

कडाक्याची थंडी पडली. पिठ्या मान टाकून पडून राहू लागला. आक्का पुन्हा प्रधानांकडे गेली.

“अंडी मंजूर होती, पण आता देता येत नाहीत,” कोल्हेराव हळहळून म्हणाले. “काळदरीत एकही फेरेट बेघर नाही, असं महाराजांनी परवाच टेकडीवरून जाहीर केलंय. तुम्हाला मदत केली तर महाराज खोटे ठरतील.”

“आवो, पण त्रेचाळीस हायती की माझ्याकडं!”

“तेच म्हणतोय मी. तुमच्याकडे आहेत, म्हणजे बेघर नाहीत. आता चांगली बातमी ऐका. निवडणूक आलीय. योजनेचा दुसरा टप्पा आहे. तुमचे सगळे फेरेट आम्ही नेतो, आंघोळ घालतो, नवे पट्टे बांधतो आणि घरोघरी वाटतो.”

आक्काच्या पाठीवरचे काटे खडखडले. “ह्याच लोकांनी टाकलीत ती लेकरं. पुन्हा टाकतील. मी न्हाई देणार.”

दुसऱ्या सकाळी कोल्हेराव लांडग्यांचं पथक घेऊन आले. शासकीय लाभाच्या वस्तूंचा बेकायदा साठा, असा आरोप होता. दगडू आडवा आला. त्याला उचलून बाजूला ठेवण्यात आलं. बेचाळीस फेरेट पोत्यांत भरले. पिठ्याला तेवढं ठेवलं, कारण तो फोटोत बरा दिसला नसता. आक्का दारात उभी राहून रडली, मोठ्याने रडली, आणि लांडग्यांना तिने जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

कोल्हेराव जाता जाता थांबले. ती ओरडली, “आन् निकाल लागल्यावर ह्यांचं काय, साहेब?”

प्रधानांना या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. “निकाल लागल्यावर तुम्ही आहातच की, आक्का!”

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून रांग लागली. सर्वांत पुढे अस्वलराव होते. या खेपेला महाराजांनी घरटी दोन फेरेट कबूल केले होते, आणि दोन्ही एकदमच मिळतील ना, एवढीच त्यांची चौकशी होती. सगुणाक्का काही रांगेत नव्हती. दगडूला पिठ्यापाशी बसवून ती आणखी बिळं खणत होती.