सगळ्यात पसरलेलं जाळं

नदीकाठच्या एका गावात निवास नावाचा एक भोळा गडी राहायचा. दूध संस्थेत तो कॉम्प्युटर चालवायचा. गाव त्याला हुशार समजायचं, कारण त्याने काहीही केलं तरी कॉम्प्युटर उलटून बोलत नसे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनात ज्या संस्थेची म्हैस पहिली येईल, तिला दूध गार ठेवायची टाकी मिळणार होती. गावाचं दूध दर उन्हाळ्यात नासायचं. टाकी हवीच होती. पण म्हैस एकच पाठवायची, आणि दावेदार तीन.

संस्थेच्या अध्यक्षा मालूअक्का म्हणाल्या, "निवास, रडार चार्ट काढ. मधून पाच रेघा. दूध, फॅट, वजन, बांधा, स्वभाव. प्रत्येक रेघेवर म्हशीचा आकडा मांड आणि ठिपके जोड. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं."

निवासने काढला. वजन साडेपाचशे, फॅट सात. जाळं कुठलं? वजनाकडे एक लांब सुई निघाली आणि बाकीचे ठिपके मध्येच गोळा होऊन बसले.

"अरे, किलो आणि लिटर शेजारी बसवतोस? सगळं एका मापात आण. दहापैकी गुण दे!"

निवासने एका मापात आणलं. तिन्ही म्हशींना, पाचही बाबतींत, दहापैकी दहा. कुणाचा रुसवा नको. तिन्ही जाळी एकावर एक बसली आणि एकच दिसू लागलं.

"बाकीच्या दोघी कुठायत?"

"खाली आहेत, अक्का."

"मग वरचं फिकं कर! खालचं दिसेल इतकं फिकं. आणि खुर्चीत बसून ठरवू नकोस. स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी दूध घातलं. निवासने कॅनमध्ये डोळ्यांनी बघितलं. खालचं काही दिसेना. त्याने पाण्याची बादली ओतली. मग दुसरी. अक्का धावत आल्या.

"काय चालवलंयस हे?"

"अजून तळ दिसत नाही, अक्का. दोन बादल्या तरी लागतील."

अक्कांनी कपाळावर हात मारला आणि चार्ट स्वतः काढायला घेतला. तिन्ही गोठे फिरल्या, गुण दिले, फिके रंग भरले. तीन जाळी लख्ख उमटली. मग नावनोंदणीसाठी त्यांना जिल्ह्याला पुढे जावं लागलं. निघताना म्हणाल्या, "आता एवढंच कर. कोळ्याचं जाळं नीट बघ. सगळ्यात पसरलेलं कुणाचं ते ओळख आणि टेम्पोत घालून पाठव."

निवासने कागदाकडे हात नेला आणि मागे घेतला. खुर्चीत बसून ठरवायचं नव्हतं ना! तो नदीवर गेला. तिथे तीन कोळी जाळी फेकत होते. सिद्राम कोळ्याचं जाळं अर्ध्या नदीवर पसरलं. इतकं सोपं काम आजवर कुणी दिलं नव्हतं, असं निवासला वाटलं.

"मला कशाला नेताय?" सिद्रामने विचारलं.

"तुमची निवड झालीय. जिल्ह्याला."

सिद्राम खूश झाला. धुतलेला सदरा घालून, तान्ह्या पोराचा पापा घेऊन टेम्पोत चढला.

दुपारी अक्कांचा फोन आला. आवाज इतका शांत होता, की टाकी मिळालीच असं निवासने धरलं.

"निवास, परीक्षकांनी सिद्रामचं वजन केलं. दात तपासले."

"मग? पहिला आला?"

"धार काढायला बसल्यावर त्याने लाथ मारली."

निवास फार हळहळला. "चुकलंच माझं, अक्का. त्याचं तान्हं पोर सोबत द्यायला हवं होतं."