दोराच्या गाठी

त्या खाडीतल्या होड्या नांगर टाकत नसत. तळाशी खडक आहे आणि तोच आपल्याला धरून आहे, असं सगळ्या मानत. मानायचं एकदा ठरल्यावर तपासायचं कशाला? नांगर नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, मिरवायचे, दर रविवारी तेल लावून लखलखीत करायचे आणि त्यांचे दोर गाठींवर गाठी मारून ठेवायचे. जिच्या गाठी जास्त, तिची श्रद्धा मोठी.

फिलू ही त्यातलीच एक लहानशी होडी. आईला खेटून उभी असायची. एका ओहोटीला आपण सगळ्याच जराशा वाहवलोय असं तिला वाटलं, आणि तिनं विचारलं, "आये, खाली खडक आहे ना गं?"

"गप बस! कुणी ऐकेल."

ऐकलंच. खाडीत काही लपून राहतं होय! दुमिंगबाबा हे तिथलं सर्वांत जुनं गलबत, त्याचा शब्द शेवटचा. तो रागावला नाही. मायेनंच म्हणाला, "पोरी, ज्याच्यावर जीव आहे, त्याला असं चाचपून बघतात का?"

फिलू शरमली. पण जीव होता म्हणूनच तर तिला चाचपायचं होतं! दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या गाठी सोडल्या आणि नांगर खाली टाकला. खाली लागला नुसता चिखल. नांगर घसरत राहिला.

तिला वाळीत टाकलं. खाडीच्या तोंडाशी, उघड्या वाऱ्यात एकटीनं राहायचं. आईनं ब्र काढला नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. ती रडायची, पुन्हा नांगर टाकायची, पुन्हा घसरायची. एका दुपारी मात्र तो कशात तरी गच्च रुतला. ती आनंदानं ओरडली, पण तिच्याकडे बघतंय कोण?

पुढच्याच आठवड्यात भरदिवसा वादळ उठलं. होड्या तिच्या अंगावरून समुद्राकडे ओढल्या जाऊ लागल्या. सगळ्यांच्या नाळेवर नांगर चमकत होते. सर्वांत पुढे दुमिंगबाबा, "खडक आहे, खडक आहे," असं म्हणतच गेला.

मागून आई आली. "फिलू," ती किंचाळली, "ह्या गाठी सोडायच्या कशा गं?"

तिनं आयुष्यात विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"वरची आधी, आये! वरची आधी!"

एक सुटली. दुसरी सुटली. बाकीच्या वर्षानुवर्षांच्या, पाण्यानं फुगलेल्या. तिसरीशी झटतानाच आई तिच्यापुढून निघून गेली. फिलूनं हाका मारमारून घसा कोरडा केला.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. वादळानं तळाचा चिखल पार धुऊन नेला होता. निवळलेल्या पाण्यात फिलूनं आपल्या दोराच्या कडेनं खाली पाहिलं. खाली खडक होता. नांगराचा दात त्याच्या कुशीत खोल शिरला होता, तिथून रक्त पाझरत होतं, तरी खडकानं तो सोडला नव्हता. आणि तोच खडक आत खाडीभर पसरत, आई उभी असायची त्या जागेच्या खालपर्यंत गेला होता. तिथं त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता.